चालक वारंवार कोसळतो

चालक पहिल्यांदा कोसळला तेव्हा हिवाळे सरांचा गहू ऐन कापणीला आलेला होता. यातला गहू जमिनीतला नव्हता आणि चालक हा माणूस नव्हता. एवढी साधी गोष्ट वेळेवर कुणाच्या ध्यानात आली असती, तर संस्थेच्या बसवर दोन वर्षं बिनबोभाट चाक फिरवणाऱ्या भागवतच्या नोकरीवर गदा आली नसती. पण संस्थेत ध्यानात येणं ही क्रिया नेहमी चौकशी समितीनंतर घडते.

प्रा. डॉ. राजानंद संपत हिवाळे हे मराठीचे विभागप्रमुख. राहायला अंबडला, कॉलेज कुंभार पिंपळगावच्या रस्त्याला. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचं नाव इतकं लांब आहे की बसच्या एका बाजूला ते मावत नाही, ते मागच्या काचेवरून वळून दुसऱ्या बाजूला संपतं, म्हणून सगळे तिला नुसतं संस्था म्हणतात. दिवाळीनंतर सरांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सहा आठवडे बसून राहायला सांगितलं. तेव्हा पुण्याला नोकरीला असलेल्या साक्षीनं, म्हणजे सरांच्या लेकीनं, वडिलांचा वेळ जावा म्हणून हातात धरून खेळायचा एक संगणक पाठवून दिला. शाळेतल्या पाटीएवढा पडदा, दोन्ही बाजूंना धरायला मुठी आणि मुठींवर बोटागणिक बटणं. आत मात्र अख्खा संगणक.

त्यातले गोळ्या झाडायचे खेळ सरांना आवडले नाहीत. ज्यानं तीस वर्षं परीक्षेचे पेपर तपासले त्याला हिंसेचं नवल उरत नाही. मग त्यांना शेतीचा खेळ सापडला. त्यात नांगरायचं, पेरायचं, पाणी द्यायचं, कापायचं. सरांच्या वडिलांनी, संपतदादांनी, जन्मभर हेच केलं होतं, पण दुसऱ्याच्या वावरात. हिवाळ्यांच्या घरात सातबारा हा कागद आजवर लोकांना वाचून दाखवण्यापुरता आलेला. आणि इथं महिन्याभरात सरांच्या नावावर एकशे दहा एकर झाली. भावकी नाही, बांध कोरणारा शेजारी नाही, तलाठी नाही. सरांनी गहू पेरला. सहा आठवडे संपून ते कॉलेजात परत रुजू झाले तरी रोज संध्याकाळी चहा घेतल्याबरोबर वावरात जात राहिले. जानेवारीत ओंब्या भरल्या, पिवळ्या झाल्या. सरांनी हार्वेस्टर काढला, पहिली ओळ धरली, आणि पडदा काळा पडला.

काळा म्हणजे पार काळा. त्यात सरांना स्वतःचा चष्मा दिसला. मग इंग्रजीत चिठ्ठी उमटली, तिचा सारांश असा की ग्राफिक्स ड्रायव्हर कोसळला आहे, क्षमस्व. खेळ पुन्हा सुरू केला तर गहू उभाच. पुन्हा हार्वेस्टर, पुन्हा अर्धी ओळ, पुन्हा अंधार. आठ दिवसांत सरांनी तोच गहू एकतीस वेळा कापायला घेतला आणि एकदाही त्यांच्या कोठारात दाणा आला नाही. वडिलांचंही असंच होत असे, पण त्याचं कारण वेगळं होतं.

"ड्रायव्हर म्हणजे आतला एक प्रोग्राम असतो, पप्पा," साक्षीनं फोनवर समजावलं. "चित्र दाखवणारा जो भाग असतो ना, त्याला हा चालवतो. तो बिघडला की चित्र जातं."

"मग त्याला बिघडायला कोणी सांगितलं?"

"नवा आलाय तो. आपोआप अपडेट झाला असेल. नवा अनस्टेबल आहे, जुना चांगला होता."

हे मात्र सरांना पटलं. त्यांच्या अनुभवात बहुतेक गोष्टींचं असंच होतं.

शेजारच्या रामरावांना हे निदान मंजूर नव्हतं. रामरावांची गावाकडं पिढीजात तीस एकर काळी जमीन, नातवंडांच्या शाळेपायी अंबडला घर. पहिल्या दिवशी ते सरांच्या हातात काय आहे ते बघायला आले आणि त्यानंतर रोज संध्याकाळी पीकपाहणीला येऊ लागले.

"जयभीम सर. काय म्हन्तंय वावर? गहू लईच दाट पेरलाय तुम्ही. अन् बांधावर एक झाड न्हाई. मानसानं जेवायला बसायचं कुठं?"

"यात जेवत नाहीत, रामराव."

"मंग कशाला पिकवता?"

सरांनी हार्वेस्टर पुढं दामटला. मग समोरच पडदा काळा पडला आणि रामराव पुढं सरकले. "करंटचा लोच्या हाय हा. मपल्या मोटारीचं बराबर असंच व्हतं. जादा करंट आला की बसते झोपून. ती वायर काढून टाका अन् मंग चालवून बघा."

विहिरीतली पाणबुडी मोटर आणि अब्जावधी सूक्ष्म घटकांची चिप यांना एका तराजूत घालणाऱ्या माणसाशी काय बोलायचं! सरांनी तत्त्व म्हणून वायर काढली नाही. उलट दुसऱ्या दिवसापासून चार्जर अधिकच घट्ट खोचला.

मग त्यांनी कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला. चाळीस मिनिटं त्यांचा फोन किती महत्त्वाचा आहे हे त्यांना हिंदीतून ऐकवण्यात आलं. त्यानंतर एक मुलगी बोलली. ती म्हणाली, चिप आमची नाही, चिपवाल्यांच्या साइटवरचा ड्रायव्हर टाका. चिपवाल्यांच्या साइटवर लिहिलं होतं की हातातल्या संगणकांसाठी यंत्र बनवणाऱ्या कंपनीचाच ड्रायव्हर वापरावा, आमचा टाकाल तर जबाबदारी तुमची. सरांनी हे वाचलं आणि संतापाबरोबर त्यांना थोडं घरच्यासारखंही वाटलं. पेन्शनच्या एका कागदापायी विद्यापीठ आणि सहसंचालक कार्यालय यांनी त्यांना असंच तीन वर्षं टोलवलं होतं.

"अहो," सरांच्या पत्नी प्रभावतीबाई म्हणाल्या. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत आणि घरीही आवाज पाचवीच्या वर्गाचाच ठेवत. "त्या यंत्रावर ओरडण्यापरीस साक्षीला नीट वेळ द्या. ती म्हणतेय ना तिथून करून देते म्हणून."

साक्षीला सवड होती मंगळवारी दुपारी. म्हणजे सरांना अर्धी रजा घेणं आलं, आणि इथून त्यांच्या दुर्दैवाला सरकारी कागदाचा वास लागला.

रजेच्या अर्जात "वैयक्तिक कारण" असं लिहून भागत नव्हतं. कारण सविस्तर लिहावं असं प्राचार्यांचं परिपत्रक होतं. आणि दुसरं एक परिपत्रक होतं, जे खुद्द हिवाळे सरांनी लिहिलं होतं. मराठी भाषा संवर्धन पंधरवडा चालू होता. या पंधरवड्यात कार्यालयात येणाऱ्या कुठल्याही अर्जात परभाषेतला शब्द आढळला तर अर्ज परत केला जाईल, अशी त्यात स्पष्ट ताकीद होती. गेल्याच आठवड्यात सरांनी भूगोलाच्या माणसाचा अर्ज "सिझेरियन" या शब्दापायी परत पाठवला होता. त्या बिचाऱ्यानं "उदरच्छेदाने प्रसूती" असं लिहून आणेपर्यंत मुलगा घरी येऊन पोचला.

सर लिहायला बसले. खेळ हा शब्द घालणं शक्य नव्हतं. पन्नाशी उलटलेला विभागप्रमुख खेळण्याच्या दुरुस्तीसाठी रजा घेतो हे कार्यालयात कळलं असतं, तर पुढच्या स्नेहसंमेलनात त्यावर एकांकिका झाली असती. यंत्र म्हणावं तर कोणतं यंत्र हा प्रश्न आला. बराच विचार करून त्यांनी लिहिलं:

"महोदय, गेल्या आठ दिवसांपासून चालक अस्थिर असून दिवसातून चार-पाच वेळा कोसळतो. कोसळताच समोर पूर्ण काळोख होतो व तो पुन्हा उभा राहीपर्यंत काहीही हाती राहत नाही. नवा चालक आल्यापासूनच हा त्रास उद्भवला आहे. जुना चालक परत आणण्याच्या प्रयत्नांत मी व्यक्तिशः हजर राहणे आवश्यक असल्याने मंगळवारी दुपारनंतरची अर्धी रजा मिळावी, ही विनंती."

सरांनी अर्ज दोनदा वाचला. एकही शब्द खोटा नव्हता, एकही शब्द परका नव्हता. सत्य आणि शुद्धलेखन एका कागदावर इतक्या सलोख्यानं नांदलेलं त्यांनी स्वतःही कधी पाहिलं नव्हतं. समाधानानं त्यांनी सही ठोकली.

मंगळवारी दुपारी साक्षीनं पुण्याहून सरांच्या यंत्रात प्रवेश केला. बाण आपोआप फिरू लागला. "आता नवा ड्रायव्हर काढतेय, पप्पा. घाबरू नका, चित्र थोडं वेडंवाकडं होईल."

चित्र वेडंवाकडं झालं नाही. ते आडवं झालं. या यंत्रांचा पडदा मुळात उभा बनवलेला असतो आणि त्याला आडवं वळवून दाखवायचं काम ड्रायव्हर करतो, ही माहिती सरांना तेव्हा मिळाली. ड्रायव्हर निघाल्याबरोबर सगळं डाव्या कुशीवर झोपलं. यंत्र उभं धरून बघावं तर मुठी वर-खाली जात, बटणांवर बोटं पोचत नसत आणि साक्षी तिकडून "आता ओके दाबा, मला इथून दाबता येत नाहीये" म्हणत होती. शेवटी सरांनी यंत्र आहे तसं ठेवलं आणि स्वतः दिवाणावर डाव्या कुशीवर झाले, दुखरा गुडघा उशीवर.

अशा अवस्थेत सर मान मोडून, एक डोळा मिटून, "ओके कुठंय, ओके कुठंय" असं पुटपुटत असताना प्रभावतीबाई शाळेतून आल्या. त्यांनी पर्स टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "गुडघा होता ना ऑपरेशन झालेला? मान कधी झाली?"

संध्याकाळी जुना ड्रायव्हर बसला आणि जग उभं राहिलं. चार्जर खोचून सरांनी हार्वेस्टर काढला. दोन ओळी निघाल्या. तिसरीला जुना ड्रायव्हरही कोसळला.

बुधवारी सकाळी सर नेहमीप्रमाणे बसच्या थांब्यावर जाऊन उभे राहिले. गुडघ्यामुळे हल्ली ते बसनंच जात आणि चढायला-उतरायला सोपं म्हणून ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या सीटवर बसत. पाऊण तास झाला, बस आली नाही. मागच्या पोरी टेम्पोला हात करून निघून गेल्या. सरांचा पारा चढला. या संस्थेत वेळेला किंमत नाही, शिक्षकाला किंमत नाही, ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला तर नाहीच नाही! त्यांनी कार्यालयात फोन लावला. अधीक्षक नंदाबाईंनी उचलला.

"नंदाबाई, बस कुठंय? काय चाललंय काय? मी लेखी तक्रार करणार आहे!"

"अजून एक?" नंदाबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"अहो सर, तुमच्याच अर्जावरून तर बंद केली बस. भागवतला खाली उतरवलंय. दिवसातनं चार-चार बार चक्कर येऊन पडतो, डोळ्यापुढं अंधारी येते, अन् बसमधे बावन्न पोरं! म्या अर्ज वाचला अन् हात-पाय गळाले माझे. थेट अण्णासाहेबांकडं नेला, त्यांनी लगेच चौकशी समिती नेमली. तुम्ही पहिल्या शिटावर बसता, तुमच्याइतकं जवळून कोन बघतंय त्याला? बरं झालं तुम्ही लिव्हलं. न्हाईतर लोक गप राहतात."

सरांचा हात फोनसकट खाली आला. रस्त्यावरून ऊस भरलेला ट्रॅक्टर गेला आणि त्यामागून दुसरा, तरी ते तसेच उभे. आपण लिहिलेलं मराठी कुणी इतकं मन लावून वाचेल असं त्यांना तीस वर्षांत वाटलं नव्हतं.

खुलासा करायचा म्हणून ते रिक्षा शोधायला वळणार, तर वाटेतच भिवा भेटला. भिवा हा भागवतच्या आधीचा ड्रायव्हर. अठ्ठावीस वर्षं त्यानं संस्थेची बस चालवली आणि शेवटच्या वर्षी ती कॉलेजचं फाटक समजून शेजारच्या खताच्या दुकानात नेली, तेव्हा कुठं त्याच्या डोळ्यांची तपासणी झाली. हातात हुरड्याची पिशवी घेऊन तो सरांच्या घराकडंच निघाला होता. सरांच्या बाजूला विजेचा खांब होता. भिवानं खांबाला हात जोडले.

"सर, तुमचे उपकार कसे फेडू? दोन वर्स झाले, कुन्ही नाव घेतलं न्हाई मपलं. अन् तुम्ही लिहून देलं, जुना चालक परत आना म्हनून! नंदाबाईनं सांगितलं मला."

"भिवा, मी इकडं आहे."

"हां, हां." भिवा वळला. "हुरडा आनलाय कवळा. मी तयार हाय सर. कवापासून येऊ?"

सरांनी हुरडा घेतला नाही. भिवानं तो त्यांच्या हातात कोंबला. म्हणजे आता या प्रकरणात लाचही आली.

घरी पिशवी ठेवायला गेले तर ओट्यावर भागवत बसलेला. चाळिशीचा, हाडापेरानं मजबूत माणूस, पांढरा सदरा इस्तरी केलेला. तो उठला नाही.

"बसा सर. तुम्हीच बसा, माझं काय, मी पडलेलाच हाय." त्यानं खिशातून कागद काढले. "हे बघा. काल रातीपासून तीन ठिकाणी नेलं मला. छातीची पट्टी काढली, डोळे तपासले, मेंदूची मशीन करायला जालन्याला जा म्हनले. डॉक्टर म्हन्तो, तुला काहीच न्हाई. नंदाबाई म्हन्ते, सरांनी लिहून देलंय म्हंजी असंल. सर, मी कवा पडलो? एक बार तरी पडलो का तुमच्यासमोर?"

"नाही, भागवत."

"मंग काय घोडं मारलं मी तुमचं? तुमचा गुडघा दुखतो म्हनून गतिरोधकावर बैलगाडीवानी बस चालवतो मी. पोरं शिव्या देतात मला! समितीनं मला काढलं तर पुन्हा कोन ठेवील? 'चक्कर येते' हा शिक्का बसला की ट्रॅक्टरवर बी कुन्ही बसू देत न्हाई मानसाला."

सरांनी त्याला सगळं सांगितलं. खेळ, गहू, ड्रायव्हर, चालक, पंधरवडा. भागवतनं ऐकून घेतलं. त्याच्या चेहऱ्यावर आधी संशय आला, मग करुणा.

"म्हंजी त्या खेळन्याचा ड्रायव्हर पडला."

"हो."

"अन् उतरवलं मला."

"हो."

"हे तुम्ही अण्णासाहेबांना सांगा सर. मी सांगितलं तर मला येड्याच्या दवाखान्यात धाडतील."

अण्णासाहेब हे संस्थेचे अध्यक्ष. पांढरी टोपी, शांत आवाज आणि कुठलाही कागद वाचण्याआधी तो उजेडाकडं धरून बघायची सवय. सरांनी खुलासा केला तो त्यांनी डोळे मिटून ऐकला.

"कंप्युटरला ड्रायव्हर असतो?"

"असतो, अण्णासाहेब."

"पगार कोन देतं?"

"तो माणूस नसतो."

"मग हे तुम्ही अर्जात का लिहिलं न्हाई? सरळ ड्रायव्हर लिहिलं असतं, आधी ग्राफिक का काय ते लिहिलं असतं, तर हे झालं असतं का?"

सरांनी टेबलाकडं पाहिलं. परिपत्रकाची प्रत अण्णासाहेबांच्याच टेबलावर काचेखाली होती.

"बरं, मग चौकशी रद्द करावी, अण्णासाहेब. भागवतला लावा कामावर."

"असं होत नसतं, सर. तुमच्या सहीनं चालक पडलाय. रेकॉर्डवर पडलाय. आता तो उठवायचा तर समितीनंच उठवावा लागतो. अन् खरं सांगू का? काही लोक म्हणून राहिलेत की भिवाला परत आणायचा हा तुमचा डाव हाय. सकाळी हुरडा पोचला म्हणे तुमच्याकडं."

पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेतही त्यांच्या हेतूवर कुणी शंका घेतली नव्हती! "मी पुरावा देतो," ते म्हणाले. "यंत्र घेऊन येतो. तुमच्या डोळ्यांदेखत चालक कोसळून दाखवतो. मग तर झालं?"

"आना," अण्णासाहेब म्हणाले. "उद्या अकराला."

त्या संध्याकाळी सरांनी तीनदा तालीम केली. तिन्ही वेळा चार्जर लावून हार्वेस्टर काढला आणि तिन्ही वेळा ड्रायव्हर दोन मिनिटांत आडवा झाला. आठ दिवस ज्या काळ्या पडद्यानं त्यांचं रक्त आटवलं होतं, त्याच्याकडं ते आता लेकराच्या प्रगतिपुस्तकाकडं बघावं तसे बघत होते.

गुरुवारी अकरा वाजता समिती बसली. अध्यक्ष अण्णासाहेब, प्राचार्य आणि क्रीडा संचालक, जे संस्थेच्या सगळ्याच समित्यांवर असत, कारण कॉलेजला मैदान नव्हतं. टिपणं घ्यायला नंदाबाई. दाराबाहेर भागवत, बसच्या किल्ल्या नसलेला हात खिशात घालून. लाईट गेलेली होती, पण सरांनी यंत्र घरून भरून आणलं होतं.

"सुरू करतो," सर म्हणाले. "बघत राहा. पहिल्या ओळीतच पडेल."

हार्वेस्टर निघाला. पहिली ओळ संपली.

"दुसऱ्या ओळीला पडतो कधीकधी."

दुसरी संपली. तिसरी संपली. पडद्यावर ऊन पडलं होतं, गहू पिवळाधमक हलत होता आणि चित्र इतकं गुळगुळीत चाललं होतं की असं सरांनी घरी एकदाही पाहिलं नव्हतं. सरांनी वेग वाढवला. मुद्दाम गोल गोल फिरवलं. एका जागी नेऊन आदळलं. ड्रायव्हर ढिम्म हलला नाही.

"पड की रे," सर दातओठ खाऊन पुटपुटले.

"काय म्हणालात?" प्राचार्यांनी विचारलं.

"काही नाही."

दहा मिनिटांनी अण्णासाहेबांनी खुर्ची जवळ ओढली. "सर, ते कोपऱ्यात राह्यलंय बघा. तिकडं. आडवं घ्या. आडवं घ्या म्हन्तो ना!" वीस मिनिटांनी क्रीडा संचालकांनी बारदाना कुठं मिळतो ते विचारलं. तिसाव्या मिनिटाला नंदाबाई टिपणं सोडून उभ्या राहिल्या आणि "वळा, वळा, ट्रॉली भरली" असं सांगू लागल्या. चाळिसाव्या मिनिटाला शेवटची ओळ कापली गेली आणि कोठारात गहू पडल्याचा आवाज झाला.

संपतदादा हिवाळ्यांच्या वंशातला पहिला स्वतःचा गहू घरात आला होता, आणि त्याच्याकडं बघताना सरांना घाम फुटला होता.

अण्णासाहेब मागं टेकले. "गहू चांगला झालाय," ते म्हणाले. "पण सर, चालक काही पडला न्हाई."

"अण्णासाहेब, घरी पडतो तो!"

"सगळेच पडतात हो घरी," प्राचार्य म्हणाले.

समितीनं तिथंच अहवाल सांगितला आणि नंदाबाईंनी लिहून घेतला. तो पंधरवड्याच्या नियमानुसार शुद्ध मराठीत होता. "समितीने चालकाची सलग चाळीस मिनिटे प्रत्यक्ष पाहणी केली. सदर कालावधीत चालक एकदाही कोसळला नाही, अस्थिर आढळला नाही, समोर काळोख झाला नाही. अत्यंत प्रतिकूल परिस्थितीतही त्याने काम पूर्ण केले. सबब चालकावरील आरोप निराधार असून त्यास तात्काळ सेवेत रुजू करून घ्यावे."

सरांचं तोंड उघडलं. समितीनं एका चालकाची परीक्षा घेऊन दुसऱ्याला पास केलं होतं! हे तर्काला धरून नव्हतं, नियमाला धरून नव्हतं, भाषेला तर बिलकुल धरून नव्हतं. तीस वर्षं ज्यांनी चुकीच्या उत्तराला अर्धा गुणही दिला नाही ते हिवाळे सर खुर्चीतून अर्धे उठले. तेवढ्यात दार लोटलं गेलं. नंदाबाईंनी किल्ल्यांचा जुडगा पुढं केला आणि भागवतनं तो घेतला. त्यानं किल्ल्या मोजल्या नाहीत, नुसत्या मुठीत धरल्या आणि सरांकडं पाहिलं.

सर खाली बसले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी चुकलेला पेपर न खुणावता जाऊ दिला.

"आता राह्यलं एकच," अण्णासाहेब म्हणाले. "निराधार आरोप कुणी केले, त्याचं काय?"

ठरलं असं की प्रा. हिवाळे यांनी चालकाची लेखी माफी मागावी. मजकूर कार्यालय देईल. सरांनी फक्त सही करायची.

त्या संध्याकाळी साक्षीचा फोन आला. तिला सगळा प्रकार कळल्यावर ती आधी पाच मिनिटं हसली. मग म्हणाली, "पप्पा, तिथं लाईट नव्हती ना? चार्जर लावलेला असला की ते यंत्र जास्त ताकद लावतं, तेव्हा ड्रायव्हर पडतो. बॅटरीवर नाही पडणार. तुम्ही वायर काढून कधी बघितलंच नाही का?"

सरांनी भिंतीकडं पाहिलं. भिंतीपलीकडं रामराव खाकरत होते.

"नाही," सर म्हणाले. "आणि ही गोष्ट या घराबाहेर जाता कामा नये."

शुक्रवारी नंदाबाईंनी टाइप केलेला कागद पुढं केला. सरांनी तो वाचला नाही. अपमानाचे कागद वाचायचे नसतात, त्यांवर नुसती सही करायची असते, ती शक्यतो दुसरीकडं बघत. त्यांनी खिडकीबाहेर बघत पूर्ण नाव, पदवी आणि पदनाम घालून सही केली. वर नंदाबाईंनी संस्थेचा गोल शिक्का मारला.

सोमवारी बस वेळेवर आली. भागवतनं पायरीपाशी हात देऊन सरांना चढवलं, पहिल्या सीटवर बसवलं आणि समोर बोट दाखवलं. आरशाच्या वर, हळदीकुंकवाच्या बोटांच्या वरच्या अंगाला, चारी कोपरे खिळ्यांनी ठोकून तो कागद लावलेला होता. सगळ्या बसला दिसावा म्हणून अक्षरं मोठी करून आणली होती.

"सदर चालक भागवत हा संपूर्णपणे स्थीर असून आजतागायत एकदाही कोसळलेला नाही, हे मी स्वानुभवाने जाहीर करतो व त्याची माफी मागतो. प्रा. डॉ. राजानंद संपत हिवाळे, मराठी विभागप्रमुख."

सरांनी एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. मग त्यांचा हात छातीवरच्या खिशाकडं, लाल पेनाकडं गेला.

"भागवत, गाडी थांबव."

"काय झालं सर? गुडघा?"

"स्थिर! स्थिर ऱ्हस्व आहे! पहिली वेलांटी! माझ्या नावाखाली दीर्घ! बावन्न पोरं रोज वाचणार हे!"

"पोरांनी वाचलं सर. लई आवडलं."

"काढ तो कागद. मी दुरुस्त करून देतो. दोन मिनिटांचं काम आहे."

भागवतनं आरशातून त्यांच्याकडं पाहिलं, गिअर टाकला आणि पुढचा गतिरोधक असा हळुवार ओलांडला की सरांच्या गुडघ्याला कळलंही नाही.

"न्हाई निघत सर आता," तो म्हणाला. "लॅमिनेशन केलंय."